बंद गिझरचं पाणी

उन्हाळ्यात इथं नळ उलटे वागतात.
गार पाण्याचा सोडला तर हातावर चहाचं आधण,
आणि गार हवं असेल तर
मे महिन्यातच बंद करून ठेवलेल्या गिझरचा,
लाल ठिपक्याचा नळ सोडायचा.
गच्चीवरच्या टाकीत दिवसभर ऊन शिजत असतं,
घरातला गिझर मात्र
कोनाड्यातल्या माठासारखा गप्प.

हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं.
एकोणऐंशीचा जून, मनामातली ही गुदैबियाची जागा,
मी हात धुवायला गेले आणि किंचाळले.
हे धावत आले, आधी हसले,
मग फ्रीजमधल्या बाटलीनं पंचा भिजवून
माझ्या बोटांना गुंडाळत म्हणाले,
"सांगायचं राहिलंच."
माणूसच तसा.
महत्त्वाचं तेवढं सांगायचं राहून जायचं.

पहाटे पाचला मुरादच्या मुलाची भट्टी पेटते.
मी दोन खुबूस मागते, तो तीन देतो.
तिसरा कुणाचा, हे तो बोलत नाही,
मीही पैसे तिघांचे देते.
गरम खुबूसला लसणीची चटणी लावून
उभ्याउभ्याच खाते ओट्यापाशी.
सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या,
बाई, बसून खा.

त्या पत्र लिहायच्या नाहीत, कॅसेट पाठवायच्या.
गडहिंग्लजहून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत,
मेतकुटाच्या पुडीत खुपसलेली.
पहिल्या बाजूला निरोप: म्हैस व्याली,
बापूचं लग्न मोडलं, तुझं पोट कसं आहे.
दुसरी बाजू चुकून भरलेली.
बटण दाबायचं राहिलेलं, आणि त्यात
हौदावरची भांडी, एक कोंबडा,
दूर कुणीतरी कुणाला तरी हाक मारतंय,
आणि अगदी शेवटी सासूबाईंचा आवाज,
"बंद झालं का गं ते?"
निरोप मी एकदाच ऐकले.
दुसरी बाजू फीत तुटेपर्यंत.

खालच्या मजल्यावर उम्म खलील होती.
तिचं हिंदी सिनेमातलं, माझं अरबी भाजीबाजारातलं,
तेवढ्यावर आमची सत्तावीस वर्षं निघाली.
तिचा बाप मोती काढायला जायचा.
ती सांगायची, समुद्राच्या तळाशी गोडे झरे आहेत,
बुडी मारून कातडी पिशवीत पाणी भरून आणायचं,
खाऱ्याच्या पोटातून गोडं.
मला वाटायचं, थापा मारतेय.
तिच्या वेलचीच्या कॉफीला मी साखर मागायचे
आणि ती कपाळाला हात लावायची.

तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसायचा,
बोटभर, दोन इमारतींच्या फटीत.
मग भराव टाकला, मग आणखी भराव.
आता त्या फटीत एक बँक आहे.
मी कुरडया अजून गच्चीवरच घालते,
तासाभरात कडकडीत,
धुळीचं वादळ आलं तर थोड्या बहरीनसकट तळायच्या.

मृणाल फोनवर म्हणते, एकटी कशाला राहतेस तिथं.
मी म्हणते, खुबूस गार होतोय, ठेव.

परवा दुपारी वरच्या मजल्यावरून किंकाळी आली.
नवीन बिऱ्हाड, कोवळी पोर, सोमवारीच आलेली.
मी न्हाणीघरात जाऊन पाइपांच्या बोळकांडीत तोंड घातलं
आणि ओरडले,
"लाल ठिपक्याचा सोड गं! लाल!"
थोडा वेळ काहीच नाही.
मग वरून, "व्हॉट, आंटी?"
पोर विजयवाड्याची निघाली.
"रेड! रेडवाला खोलो!"
पुन्हा शांतता.
मग पाण्याचा आवाज,
एखादी बादली भरून वाहील इतका वेळ.
बंद करायचं राहिलं असावं.
मला वर जाऊन सांगता आलं असतं.
भिंतीला हात टेकून
मी ऐकत उभी राहिले.