ताणाची बाजू

उचगाव फाट्याच्या अलीकडं, पंक्चरवाल्याला लागून
दस्तगीरचाचांचं कमानपाट्यांचं शेड.
डिप्लोमाच्या दुसऱ्या सुट्टीत
मी तिथं वही घेऊन गेले.

वहीत एक सरळ रेघ होती:
जेवढा भार तेवढा झोक, दुप्पट भार, दुप्पट झोक.
भार काढला की आल्या वाटेनं शून्यावर परत.
चाचा रेघेकडं बघत म्हणाले,
"बरोबर हाय. पर पुढं काय हुतंय,
ते लिवलंय का न्हाई?"

लिहिलं होतं. रेघ एका जागी वाकते,
तिथून पुढं पोलाद परत येतं, पण पुरतं येत नाही.
पुस्तकात त्याला चार ओळींची व्याख्या.
शेडमध्ये एकच शब्द: बसला.

बसलेले पाटे भिंतीला टेकून असायचे,
ऊस वाहून, वाळू वाहून सपाट झालेले.
लाल करा, घणानं कमान परत द्या,
तेलात बुडवा. धुरात चाचांची फक्त टोपी दिसायची.
त्या घटकेला पाटा सगळ्यात कडक,
आणि हातातून निसटला तर काचेसारखा दोन.
म्हणून पुन्हा तापवायचा, जरा बेतानं.
बाभळीची काटकी पाठीवर ओढायची,
ती ठिणग्या सोडत सरकली की बस्स.
"थोडा ताठा सोडल्याबिगर झोक येत न्हाई,"
चाचा म्हणाले, आणि चहाला गेले.

माझा पहिला पाटा मी एकटीनं काढला.
सात तारीख होती.
पंच घेतला, वरच्या अंगाला, बरोबर मधोमध,
येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा
सातचा आकडा ठोकला.
एकच घाव. खोल. मला फार आवडला तो.

अकरा महिन्यांनी तातोबाचा ट्रक
गुळाचे रवे घेऊन करूळ घाट उतरत होता.
"गोळी सुटल्यागत आवाज झाला," तो सांगत होता,
"कुणाला लागलं न्हाई. गूळ तेवढा
माकडांनी खाल्ला."
आणि त्यानं पोत्यातून दोन तुकडे काढले.

तुटलेलं तोंड मी उन्हात धरलं.
अर्ध्यात चकाकी, साखरेसारखी खरखर: ती आजची.
अर्ध्यात तपकिरी, गुळगुळीत,
शिंपल्यावर असतात तशा वळ्या,
एकीमागं एक, केसाएवढ्या,
प्रत्येक खड्ड्यानं, प्रत्येक गतिरोधकानं थोडी थोडी सरकवलेली.
म्हणजे घाटात तो तुटला नव्हता.
घाटात फक्त आवाज झाला.

वळ्या उलट्या मोजत गेले.
सगळ्या एकाच ठिकाणी मिळत होत्या.
सातच्या कोपऱ्यात.

भार आला की पाटा सपाट होऊ बघतो,
वरचं अंग ताणलं जातं, खालचं दाबलं जातं.
हे मला परीक्षेत आलं होतं.
पैकीच्या पैकी.

चाचांनी तुकडा घेतला, अंगठा फिरवला,
आकड्यावर एकदा थांबला तो.
मी वाट बघत होते. ते काही बोलले नाहीत.
तातोबाला म्हणाले, "पैसं नगंत. उद्या सकाळी ये."

मग नवा पाटा ऐरणीवर आडवा ठेवला,
वरचं अंग वर,
आणि माझ्यापुढं घासकागद सरकवला.
पंक्चरवाल्याचा दिवा लागला, हायवेवर उसाच्या गाड्या सुरू झाल्या,
मी घासत होते,
मध्ये मध्ये नख ओढून बघत होते.
अजून कुठंतरी अडकत होतं.