देसूर ते फाटक

देसूरहून गाडी सुटली की
केबिनमधला फोन दोनदा किरकिरायचा.
बाबा वहीत वेळ टिपायचे, हँडल फिरवून फाटक पाडायचे
आणि स्टोव्हवर चहाचं आधण ठेवायचे.
पिऊन कप विसळला की गाडी आलीच.
त्यांचं गणित एवढंच.

मी नववीत. बिर्जे सरांनी फळ्यावर लिहिलेलं:
अंतर भागिले चाल.
रुळाकडेच्या दगडांवरचे आकडे वाचत
अंतर मीच काढलं, पाच हजार चारशे मीटर.
चाल सेकंदाला वीस.
भागाकार निःशेष गेला. दोनशे सत्तर.

घड्याळ मांडीवर घेऊन बसले.
दोनशे सत्तरला रूळ नुसते तापत पडलेले,
तारेवर एक सरडा,
फाटकापाशी खानापूरच्या कौलांची ट्रॉली
आणि दुधाच्या किटल्या लावलेली एक एम-एटी.
इंजिन आलं तीनशे वीसला.

पन्नास सेकंद गेले कुठं?
"अगं, गाडी देसूरला उभी होती की,"
सर हसले, "उभं असलेलं काही
एकदम वीसनं धावतं होय?"

मग त्वरण आलं. शून्य दशांश दोन.
शंभर सेकंद नुसता वेग गोळा करण्यात जातात,
तेवढ्यात जेमतेम एक किलोमीटर.
उरलेले चार हजार चारशे वीसच्या चालीनं
दोनशे वीस सेकंदांत.
बेरीज जुळली तशी वही घेऊन धावत सुटले.
बाबांनी उजेडाकडं धरून बघितली, तिच्यावरच कप ठेवला.
"म्हणजे आपल्या चहाला आकडा लागला म्हण की."

ट्रॉलीवाला वर बघून ओरडायचा,
"एष्टु होत्तु, तंगी?"
"ऐदु निमिष," मी सांगायची.
वरचे वीस सेकंद कुणालाच दिले नाहीत.

पुढं बेळगावला कॉलेजात
त्वरणाचं ॲक्सिलरेशन झालं.
शेजारची महादेवी पुटपुटायची, वेगोत्कर्ष.
चालीला ती जव म्हणायची,
आणि आमच्यात जव लागतात श्राद्धाला,
हे तिला सांगितलं तेव्हा
दोघींनाही वर्गाबाहेर काढलं.
पहिल्या सहामाहीत सदतीस मिळाले.
घरी फोन केला: गाडी अजून देसूरलाच आहे.
बाबा म्हणाले, "मग फाटक कशाला पाडू एवढ्यात?"

आता फाटक नाही.
खालून बोगदा काढलाय, आषाढात त्यात कमरेएवढं पाणी.
बाबा रिटायर होऊन सहा वर्षं झाली.
मी पॅसेंजरनं गावी येते तेव्हा
देसूरचा प्लॅटफॉर्म हलला की मोजायला लागते,
सवयच ती.
परवा केबिनच्या जागी घाणेरीचं रान,
ना खांब, ना पांढरी रेघ,
घड्याळ कुठल्या खुणेला थांबवायचं कळेना.
अंदाजानं बोट दाबलं.

"तीनशे चौतीस," घरात शिरता शिरता सांगितलं.
बाबा लसूण सोलत होते.
"चौतीस?" ते म्हणाले,
"चहा निवला असता की गं."