बावीस सेकंद

मालवा मिलच्या चौकात पायी माणसाला
तेरा सेकंद मिळतात.
मला बावीस लागतात.
मोजलेत. एकतीस वर्षं
मिलच्या फाटकावर टाइमकीपर होतो मी,
भोंगा थांबला की हजेरीवर रूळ ठेवून
तांबडी रेघ ओढायचो.
रेघेखाली ज्याचं नाव, त्याचा अर्धा दिवस गेला.

आता रेघेखाली मी.

हिरवा माणूस उगवतो, चालू लागतो,
शेवटी शेवटी तर पळत सुटतो –
त्याला ना गुडघे, ना हातात भाजीची पिशवी.
अकराव्या सेकंदाला मी दुभाजकावर.
खांबावरचा कॅमेरा मान वळवून बघतो,
खांबातली बाई सांगते,
कृपया ज़ेब्रा क्रॉसिंग का प्रयोग करें.
अगं बाई, तेच करतोय.

शहराला नावं ठेवत नाही हं.
रस्ता असा लख्ख, की मागच्या मंगळवारी पडलो
तर पायजम्याला धूळ लागली नाही,
नुसतं कोपरातून रक्त आलं,
तेही पाच मिनिटांत पुसून गेले.
कोपऱ्यावर नवा बाक बसवलाय.
मोबाइल चार्ज करायची सोय आहे त्याला,
पाठ टेकायची नाही.

रेवा बंगळूरहून म्हणाली, आजोबा, ॲपवर टाका.
ॲपनं विचारलं, तक्रार कशाची?
कचरा. खड्डा. दिवा. मोकाट जनावर.
बराच वेळ बघत बसलो,
मग मोकाट जनावर दाबलं.
दुसऱ्या दिवशी दोन पोरं जाळी घेऊन हजर,
कहाँ है, अंकल?
म्हटलं, मैं ही हूँ, भिया.
हसली बिचारी. माझ्याबरोबर चहा घेतला, जाळी गुंडाळली.
संध्याकाळी मोबाइल वाजला:
आपकी समस्या का निराकरण हो चुका है.

दुभाजकावर बोगनवेल आहे,
तिला ठिबकनं वेळच्या वेळी पाणी मिळतं.
तिला कुठे जायचं नसतं.
तिथेच भेटतो आम्ही, सव्वासातच्या सुमारास,
न ठरवता, अडकलेले –
एम. वाय. हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या फिलोमिना सिस्टर,
एका हातात काठी, एका हातात दूध घेतलेले हातिमभाई, आणि मी.
पुढच्या हिरव्यापर्यंत नव्वद सेकंद.
त्यात शुगर किती, मुलाचा फोन आला का,
कोण गेलं, सगळं बसवावं लागतं.
परवा हिरवा लागला तरी हातिमभाई हलेनात.
जाने दो इसको, म्हणाले, बात अधूरी है.
जाऊ दिला.

गेंदालाल होता, साचेखात्यातला.
डावा पाय आखूड.
भोंगा संपायच्या आत तो फाटकात असायचा,
पण फाटकापासून माझ्या खिडकीपर्यंत चाळीस पावलं.
त्या चाळीसांत अडकायचा, रोज नाही,
आठवड्यातून दोनदा तरी.
मी रूळ सरळ धरून बसलेला.
बाबूजी, म्हणाला एकदा, आवाज़ सुनते ही चला था.
मी काही बोललो नाही,
बोटानं घड्याळ दाखवलं.

त्या घड्याळाचं काय झालं ठाऊक नाही.
एक वही मात्र घरी राहिली,
मागची पानं कोरी होती म्हणून आणलेली.
हल्ली तीत लिहितो, पोहे होईपर्यंत.
आजची तारीख.
दिगंबर खासगीवाले, नऊ सेकंद उशीर.
हातिमभाई, सतरा.
फिलोमिना सिस्टर –
आज आल्या नाहीत. काल पण नव्हत्या.
तांबडं पेन खिशातच आहे.
त्यांच्या नावापुढे जागा सोडलीय.
उद्या हातिमभाईंना विचारतो,
घर कुठे त्यांचं,
रस्त्याच्या कुठल्या बाजूला.