दोन सूत

टायरच्या बगलेत चार आकडे असतात.
दस्तगीरनं थुंकी लावून अंगठ्यानं पुसले:
तेवीस, शून्य नऊ.
म्हणजे नऊ सालचा तेविसावा आठवडा.
"साहेब, ह्या वयाची पोरं कॉलेजात गेली की."
नक्षी शाबूत होती. भेगा मात्र
नखानं उचकटून आत बघता येईल एवढ्या.

उद्यमबागेत एकतीस वर्षं मी लाकडाचे पॅटर्न केले.
ओतलेलं लोखंड थंड होताना किती आकसतं
ते माझ्या पट्टीवर कोरलेलं असायचं.
फाउंड्रीला कुलूप लागलं तेव्हा
पिंटोसाहेबांनी थकलेल्या पगारापोटी
ही दिली. विलायती, दोन माणसांची,
छप्पर फाटकं, माझ्या कमरेलाही न पोचणारी,
नंबरपाटी अजून म्हैसूर राज्याची.
सुगंधा म्हणाली, पगार बसायला तरी जागा देतोय.

कोल्हापूरचा डीलर फोनवर म्हणाला,
एकशे पासष्ट घाला, भरदार दिसेल.
हुबळीचा म्हणाला, तेरा इंची आता कोण मागतंय,
रिमच बदलून टाका.
दोघंही गाडी न बघता बोलले.
आमच्याबद्दल दोन्हीकडून असंच बोलतात,
सवय आहे.

दस्तगीर खानापूर रोडला, वजनकाट्याच्या पलीकडे.
त्याच्याकडे दोन्ही मापं होती.
आधी रुंद चढवलं.
खरंच, काय दिसली!
पैलवान मांडी ठोकून उभा राहावा तशी.
मी दोनदा मागे सरकून बघितलं,
तिसऱ्यांदा गटारात जाता जाता राहिलो.

मग त्यानं मडगार्डच्या आतल्या कडेला खडू फासला
आणि विचारलं,
"शेजारी कोण बसतंय?"

काय सांगू.
दीड वर्ष झालं, कोणी नाही.
सुगंधाचे गुडघे. एवढ्या खाली बसता येत नाही,
बसलीच तर उठता येत नाही.
मागच्या महिन्यात एक गुडघा बदलला,
दुसरा दिवाळीनंतर.
"एकटेच फिरणार असाल तर हेच राहू दे,
घासत नाही," दस्तगीर म्हणाला.
"वहिनी बसणार असतील तर बघावं लागेल.
वजन किती?"

मी पाच किलो कमी सांगितलं.

त्यानं दुकानातल्या पोराला डाव्या सीटवर बसवलं,
मांडीवर ट्रकची जुनी बॅटरी दिली,
माझ्याकडे नीट बघितलं,
आणि पायाशी जॅकपण ठेवला.
"खरं वजन टायरला कळतंय, साहेब."
गाडी हिंडलग्याच्या वळणावर वळावी तशी
गल्लीतच फिरवली, गतिरोधकावरनं दोनदा नेली.
डाव्या टायरच्या खांद्यावर
खडूची पांढरी रेघ उमटली.

"अरुंद घाल," मी म्हणालो.
"बारीक दिसेल."
"दिसू दे."
एकशे पंचेचाळीस. गल्लीतल्या
भाजीवाल्याच्या वॅगनारलाही हेच.
पुन्हा खडू, पुन्हा पोरगं, बॅटरी, जॅक,
पुन्हा गतिरोधक.
रेघ नाही.
मी खिशातली पट्टी काढून आत सरकवली.
सवय.
दोन सूत मोकळं.
"साकु," दस्तगीर म्हणाला,
आणि मडगार्डवर हात मारला.
पोरगं उतरायला तयार नव्हतं.

घरी सुगंधा वॉकर धरून फाटकापर्यंत आली.
सात पावलं, थांबून, पाच पावलं.
काय भाव, ते आधी विचारलं.
मी पाचशे कमी सांगितले.
ती वाकू शकत नाही, म्हणून मी
गाडी उताराच्या बाजूला घेतली,
ती ओट्यावर टेकली, आणि हात खाली सोडून
तिनं नवं टायर चाचपलं.

नव्या रबरावर ते बारीक केस असतात ना,
साच्यातून हवा बाहेर पडताना राहिलेले.
माहीत असूनही मी बोललो नाही.
"ह्याला लव आहे की हो," ती म्हणाली,
आणि एक केस उपटून
माझ्या हातावर ठेवला.