अर्धं झाकण

लाटगालेत जूनमध्ये रात्रीचे दहा वाजले तरी उजेड हटत नाही,
आणि माझ्या अकरा कोंबड्या सफरचंदाच्या झाडावर बसून आहेत.
खुराड्यात चला म्हटलं की मान फिरवतात.
झीले तर थेट माझ्याकडे बघते, तुरा फिकुटलेला,
जणू म्हणते: तूच झोप आत.

तिचं बरोबर होतं.
पांढरा रुमाल बोटाला गुंडाळून
मी बसायच्या दांडीखालून फिरवला,
तो लाल रेघ घेऊन बाहेर आला.
दिवसा फटीत, सांध्यात, खिळ्याच्या डोक्याखाली
राखेसारखे गप्प पडून असतात हे माइट,
अंधार पडला की वर चढतात, प्यायला.
रुमालावरचं रक्त त्यांचं नव्हतं.

औषधाची बाटली दोनात्सनं आणली होती
दाउगावपिल्सच्या बाजारातून.
तिच्यावर लिहिलेलं: एक झाकण.
तो अर्धंच ओतायचा बादलीत.
बाटली तीन उन्हाळे पुरली याचा त्याला केवढा अभिमान!
साबणाच्या चिपा थापून नवी वडी करणारा माणूस,
काडेपेटीतली काडी उभी चिरणारा.

पहिल्या उन्हाळ्यात मेले. आम्ही खूश.
दुसऱ्यात काही मेले.
तिसऱ्यात मी फवारून दिवा जवळ नेला
तर ओल्या फळीवरून ते चालत होते,
वरातीवर भुरभुर पाऊस यावा
इतपतच त्रासलेले.

स्काइद्रीते, गुरांची डॉक्टर, चिखलाच्या बुटांनी आत आली,
बाटलीवरचं बारीक अक्षर चष्मा वर सारून वाचलं.
"वेनेरांदाबाई, तुम्ही यांना मारलं नाहीत,
निवडलंत.
कच्चे होते ते गेले. ज्यांना विष पचलं ते उरले,
आणि लेकरं त्यांनाच झाली."

ती पुढेही बोलत होती,
मला मात्र पाव कापायचा सुरा दिसत होता
आणि हृदयाची गोळी मधोमध कापणारा दोनात्स.
अर्धी आज, अर्धी उद्या.
मार्चमध्ये गेला.
ते वेगळं, कळतं मला,
गोळीला आणि किड्याला एक माप लावू नये.
तरी सुरा मी खालच्या खणात टाकला.

आता औषध दुसऱ्या जातीचं, पिण्याच्या पाण्यातून,
आणि वजनानुसार. म्हणून मासे तोलायच्या काट्याला पिशवी अडकवली,
पिशवीत कोंबडी.
सगळ्यांत जड निघाली ती, जी महिनाभर अंडं देत नाहीये.
मात्रा पुरी. सात दिवसांनी पुन्हा पुरी,
दिसेनासे झाले म्हणून हात आखडायचा नाही;
उपाशीपोटी महिनोन्‌महिने
वाट बघत बसतात ते, स्काइद्रीते म्हणाली.

आणि दांड्या?
दांड्या मी खिळ्यांसकट उपटल्या
आणि तळ्याकाठच्या आमच्या लाकडी बाफघरात नेल्या.
भट्टी पेटवली, बर्चची लाकडं हात न आखडता घातली.
वरच्या बाकावर, जिथे शनिवारी तो बसायचा,
तिथे पाच दांड्या ओळीनं ठेवल्या.
आगीची सवय कोणाला होत नाही.
मी बाहेर पायरीवर बसले,
दारातून त्याच्यासारखा वास येत होता,
धूर, साल, आणि थोडी कोंबडी.

पंधरा दिवसांनी पुन्हा रुमाल फिरवला.
एकच लाल ठिपका.
माझ्या बोटात कुसळ गेलेलं होतं, तेव्हा सांगता येत नाही कोणाचा.

कॅलेंडरवर औषधाचं नाव लिहिलं, तारीख लिहिली,
आणि खाली मोठ्या अक्षरात:
पुढच्या वर्षी लागलंच तर हे नको, दुसरं.
झाकण: एक.

झीले अजून झाडावरच आहे.
तिला घाई नाही.