दिवाळे, खोली क्रमांक दोन

आदल्या रात्री साडेअकराला आवाज आला,
सगळ्या कोळीवाड्यात एकदम, सेक्टरांतल्या इमारतींतही:
"मी जोमा तांडेल बोलतंय. मी बसलू.
उद्या मताला जाव नका. उधान हाय, होऱ्या काढा."

मधे खोकला. तोच, सुक्या बोंबलासारखा.
होडीला होरी म्हणायचं, हेही त्या यंत्राला ठाऊक.
कुणी म्हणे, तीन वर्षांपूर्वीच्या
नारळी पौर्णिमेच्या व्हिडिओतून
उपसून घेतला गळा.

जोमाच्या खऱ्या गळ्याला दोन वर्षं भोक आहे.
भोकावर पंचा.
प्रचार त्यानं पाटीवर केला, शाळकरी पाटीवर:
मासळी बाजार हलणार नाही.
पुसायचा, पुढच्या दारात पुन्हा लिहायचा.

मग आवाज खोटा, हे कळायला काय लागतं?
पण भाचा सांगत होता, हल्ली असं काही निघालंय,
घसा नसलेल्यांनाही बोलतं करतं.
लोकांना वाटलं, जोमाला वाचा फुटली
आणि पहिलं वाक्य निघालं ते हे.
काहीजणी रडल्याही.
पहाटे बावीस होऱ्या खाडीबाहेर गेल्या.

माझं काम शाईचं.
डावी तर्जनी, नखावरून पेरापर्यंत एक रेघ.
साडेदहाला तो आला, पाटी छातीशी धरून:
मी उभा आहे.
केंद्राध्यक्ष धुमाळ खुर्चीतून उठले,
"शंभर मीटरच्या आत प्रचार चालत नाही."
नियम बरोबर होता.
ओल्या फडक्यानं पाटी त्यांनीच पुसली.
जोमानं बोट पुढे केलं. काट्यांनी चिरलेलं.
शाई चिरांत उतरत गेली,
रेघ काही सरळ आली नाही.

संध्याकाळी यंत्रांना लाख लागली, सह्या झाल्या.
जेट्टीपाशी आम्ही बसची वाट बघत होतो.
होऱ्या परतत होत्या. कुणी वर बघत नव्हतं.
चांगुणाबाई, त्याची बायको, माझ्याजवळ येऊन
हळूच म्हणाली, "बाय, तो आवाज पोलीस पुसतील काय?
त्याच्या आदी माज्या फोनवर टाक ना."

"अहो, खोटा आहे तो."

"ठाव हाय."

मी पाठवला.
वर करड्या अक्षरांत खूण उमटली,
अनेकदा पुढे पाठवलेला.
फोन कानाला लावून
ती खाडीकडे तोंड करून उभी राहिली.
खोकला आला की थांबवायची,
मागे न्यायची,
पुन्हा खोकल्यापर्यंत.