पंचेचाळीस सेकंद मागे

वरच्या मजल्यावर जेरोलामो ओरडतो
आणि माझ्या पडद्यावर
चेंडू अजून मधल्या वर्तुळात.

त्याची तबकडी छपरावर आहे, जुनी, गंजलेली.
माझा सामना येतो इंटरनेटवरून,
कुठल्या कुठल्या देशांना वळसा घालत,
वरातीमागून घोडं.
त्यामुळे गोल मला छतातून कळतो.
दिवा हलतो, चुन्याचा पोपडा कॉफीत पडतो,
मग मी बसून बघतो
होऊन गेलेलं कसं होणार आहे ते.

जानेवारीत एकोणतीस युरो, मार्चपासून चाळीस,
शुक्रवारचे सामने दुसऱ्या कंपनीकडे,
कपचे तिसरीकडे.
ओर्नेला तोरीनोहून सांगते,
"बाबा, पासवर्ड बदललाय, लिहून घ्या."
घेतो लिहून.
मासळी सोडली.
न्हाव्याकडे दोन महिन्यांतून एकदा जातो,
तसंही त्याला कापायला फारसं उरलेलं नाही.
जेनोव्हाच्या बंदरात क्रेनवर होतो तेव्हा
एका पाळीच्या मजुरीत दोन तिकिटं यायची,
वर एक पाव, आत तळलेलं वांगं,
आणि बोंबलायला घसा घरचा.

एवढे पैसे मोजून गोल तरी गोल असावा!
रेफ्री कानाला बोट लावतो,
दूरगावाहून आईचा फोन आल्यासारखा.
मग हवेत चौकोन काढतो.
कुठल्याशा बंद खोलीत चार माणसं
एका पोराच्या काखेतून रेघ ओढतात,
एक निळी, एक तांबडी,
काख पुढे की शर्टाची शिवण पुढे.
तीन मिनिटं.
चार.
अख्खं मैदान तोंड अर्धं उघडं ठेवून उभं,
शिंक अडकल्यासारखं.
वर पावलं वाजतात, खिडकी ते दार, दार ते खिडकी,
मग खुर्ची आपटते.
रद्द.
माझ्या पडद्यावर ती सगळी माणसं अजून आशेवर आहेत
आणि मला त्यांना सांगता येत नाही.

सांगतो, कारण लपवण्यासारखं आता काही नाही:
चौऱ्याहत्तर साली, गॅस कारखान्यामागच्या मैदानात,
झाडूच्या दांड्याला लाल रुमाल बांधून
मी रेषेवर उभा होतो.
समोर ऊन, कोळशाची धूळ.
जेरोलामोनं गोल मारला
आणि माझा हात वर गेला.
तो पुढे होता.
किंवा त्याचं बूट पुढे होतं, सुटलेल्या नाडीचं.
किंवा पुढे होती ती सावली.

त्यावर तो माझ्या लग्नात भांडला,
संपाच्या दिवसांत फाटकापाशी भांडला,
भावाच्या अंत्ययात्रेत, शवपेटीमागून चालता चालता,
हळू आवाजात, पण भांडलाच.
माझ्या मोतीबिंदूच्या वेळी दवाखान्यात आला,
संत्री ठेवली, म्हणाला,
"पन्नास वर्षांपूर्वी करायला हवं होतंस."

रेघ ओढणारं कुणी असतं
तर तीन मिनिटांत मिटलं असतं सगळं.
मग तो संत्री घेऊन आला असता का,
मला माहीत नाही.

शनिवारी पत्र आलं: पुढच्या महिन्यापासून पंचावन्न.
नाकापेक्षा मोती जड.
बंद करायचं बटण शोधायला अर्धा तास गेला.
खात्री आहे? त्यानं विचारलं.
खरंच खात्री आहे?
आयुष्यात एवढ्या वेळा मला कुणी विचारलं नव्हतं,
त्या दिवशी रेषेवर तर नाहीच.

पांढऱ्या वाइनची बाटली घेतली, जिना चढलो.
अठरा पायऱ्या, दर सहा पायऱ्यांनी गुडघा.
दाराशी पोचतोय तोच आतून आरोळी,
भिंत हादरवणारी,
आणि मग ती मध्येच तुटली.
तपासणी.

खिडकी ते दार, दार ते खिडकी.
"नव्हता पुढे!" तो आत एकटाच ओरडत होता,
"नव्हता, आंधळ्या, नव्हता!"

बेलवर बोट ठेवून मी थांबलो.
बाटली गार होती, हात ओला झाला.
आतलं काहीच मला ठाऊक नव्हतं,
त्यालाही नव्हतं,
आणि आज आम्ही दोघंही
एकाच सेकंदात उभे होतो.